सीडी माहेरीच राहिली असेल!

"बिघडला ते बरंच झालं बाई. आता तरी तिचं मन घरात लागंल."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई मागच्या अंगणात मेथी निवडत मोठ्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या आणि मी दोरीवरचे कपडे काढायला गेले होते. मध्ये नवऱ्याची चादर वाळत होती, म्हणून मी त्यांना दिसले नाही. बिघडला होता तो माझा लॅपटॉप. मी कपडे तसेच ठेवून आत आले आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या, असं सगळ्यांनी सांगितलं!

लग्न होऊन पाच महिने झाले. अमरावतीच्या मैत्रिणी फोनवर म्हणतात, "भिलाईचे किस्से सांग ना!" मला वाटायचं, किस्से जमायला माणसाला बोलावं लागतं, फिरावं लागतं. अजिबात नाही. नव्या सुनेनं नुसतं गप्प बसावं. कूलरच्या टाकीत क्षार साचतो तसे किस्से आपोआप साचत जातात. खरवडायला बसलं की कळतं, केवढा थर झालाय.

तर थोडं आधीचं सांगते. अमरावतीला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी तीन वर्षं इन्स्ट्रक्टर होते. दर उन्हाळ्यात लॅबमधली सगळी मशिन्स पुसून त्यांत नव्यानं विंडोज टाकणं हे माझंच काम. हा लॅपटॉप मी माझ्या पगारातून घेतला. इथे नेहरू नगरच्या एका शाळेत कॉम्प्युटर टीचरची जागा निघाली. सोमवारी अकरा वाजता डेमो, स्वतःचा लॅपटॉप घेऊन या, असं कळवलं होतं त्यांनी. माझ्या सगळ्या नोट्स, सगळ्या स्लाइड्स त्या लॅपटॉपमध्ये. बॅकअप नव्हता. 'बॅकअप घ्या, बॅकअप घ्या' असं मी पोरांना तीन वर्षं ओरडून सांगत होते. हा किस्सा माझ्यावरचा, तो इथेच संपवते.

लॅपटॉप मंगळवारी बंद पडला. सोमवारपर्यंत सहा दिवस होते.

*

पडला म्हणजे काय, पाडला!

माझे सासरे, म्हणजे बाबा, इथल्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण रिसालीच्या या घरात अजूनही कुकरची शिट्टी होत नाही, सायरन होतो. मंगळवारी दुपारी त्यांनी नाटक बघायला लॅपटॉप घेतला. नेमका तेव्हाच अपडेट सुरू झाला. निळा स्क्रीन, त्यावर सत्तावीस टक्के, आणि खाली सूचना : कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.

बाबांनी पाच मिनिटं वाट पाहिली. सत्तावीसचे अठ्ठावीस होईनात.

"मशीननं माणसाले सांगाचं नसते, माणसानं मशीनले सांगाचं असते!" असं म्हणून त्यांनी बटण दाबलं, आणि लॅपटॉपचा जीव जाईपर्यंत दाबून धरलं.

पुन्हा सुरू केला तर काळा स्क्रीन आणि इंग्रजीत एकच ओळ, की ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. बाबांनी तो बंद केला, कव्हरमध्ये घातला, कव्हरची चेन लावली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले,

"सूनबाई, तुझा लॅपटॉप बिघडला वाटते."

सकाळपर्यंत तो 'आपला लॅपटॉप' होता.

*

संध्याकाळी बैठक बसली. बाबा, सासूबाई आणि माझा नवरा निखिल. निखिलही प्लांटमध्येच आहे, जनरल शिफ्टला.

"ओरिजनल सीडी काढ," बाबा म्हणाले. "सीडी टाकली का अर्ध्या घंट्यात चालू."

"बाबा, सीडी नव्हती मिळाली," मी म्हणाले. "आता मिळत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं की—"

"थांब, सूनबाई. आधी मुद्द्याचं बोलू दे." मग निखिलकडे वळून, "एवढी महागाची वस्तू, अन् सीडी नाही? असं कसं होईल?"

सासूबाईंनी निकाल दिला. "तिच्या माहेरीच राहिली असंल."

मी उठायच्या आत त्यांनी माझ्या आईला फोन लावलाही होता. "नाही नाही विहीणबाई, तसं काही नाही, सगळं बरं आहे. फक्त लॅपटॉपची सीडी तुमच्याकडून यायची राहिली."

यायची राहिली! माझ्या आईनं आयुष्यात माऊसला हात लावलेला नाही. पण लग्नात काहीतरी द्यायचं राहून गेलं, हे वाक्य तिला बरोबर कळतं. तिनं दोन तासांत दोन कपाटं आणि दिवाण उपसला. त्याच रात्रीच्या ट्रेननं माझा मामा इकडे यायचा होता, त्याच्याजवळ पिशवी दिली. बुधवारी सकाळी पिशवीतून एकोणीस सीडी निघाल्या. मावशीच्या लग्नाची, सत्यनारायणाच्या कथेची, माझ्या दहावीच्या गणिताची, आणि एक, जिच्यावर माझ्या वडिलांच्या पाठीचा एमआरआय होता. सोबत चिठ्ठी : 'यातली कोणती ते समजत नाही. नसेल तर सांग, आम्ही नवीन घेऊन देऊ. त्यांना राग आला नाही ना?'

बाबांनी एकोणीसही सीडी टेबलावर मांडल्या. चष्मा लावला, पहिली सीडी उचलली, लॅपटॉप डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, मग उलटा करून पाहिला.

त्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही.

"घ्या!" सासूबाई म्हणाल्या. "तोंडच नाही दिलं!"

*

पुढचा किस्सा भिलाईबाहेर कुणाला खरा वाटणार नाही.

प्लांटमध्ये नियम आहे. एखाद्या मशीनवर काम काढलं की त्यावर लाल टॅग लावायचा : काम चालू आहे, हात लावू नये. आणि टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसरा कितीही मोठा साहेब असो, त्यानं हात लावायचा नाही. नियम चांगला आहे. त्यानं जीव वाचतात. बाबांनी रिटायर होताना आठवण म्हणून असा एक टॅग घरी आणला होता.

सीडी आवरल्यावर त्यांनी तो माझ्या लॅपटॉपला बांधला. सुतळीनं, दोन गाठी मारून. "कोणी गडबड करू नका. मी पाहतो याच्याकडे." आणि दुपारच्या गाडीनं एका मित्राच्या मुलाच्या साखरपुड्याला गोंदियाला निघून गेले. दोन दिवसांसाठी!

मी निखिलला म्हटलं, "सोमवारी माझा डेमो आहे. टॅग सोडून दे ना."

निखिल खरोखर दचकला. "पागल आहे का तू? टॅग बाबांचा आहे."

"हा लॅपटॉप आहे, निखिल. रोलिंग मिल नाही."

"नियम तं नियम आहे ना यार. आदत बिगड जाती है."

"मग तुझ्या प्लांटच्या लॅपटॉपवर मला पेनड्राइव्ह तरी बनवू दे. दोन तास लागतील."

"त्याच्यावर पर्सनल काम अलाउड नाही."

शेवटी मी स्वतः बाबांना फोन केला. मागे सनई वाजत होती. मी विचारलं, "बाबा, टॅग काढू का?"

"काम झालं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. काम करायला काढायचाय."

"मग कसा काढशील? काम झाल्याशिवाय टॅग निघत नसते, सूनबाई." आणि मग प्रेमानं, "जेवली का?"

*

शुक्रवारी बाबा आले, गाठी सोडल्या, आणि संध्याकाळी जावईबापूंना बोलावणं गेलं. जावईबापू म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणते. सिव्हिल इंजिनिअर आहेत. आमच्याकडे इंजिनिअर हा इंजिनिअर असतो. पूल बांधणाऱ्याला लॅपटॉप काय अवघड?

भाऊजी हसतहसत आले. खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "विंडोजच घेऊन आलो!"

माझ्या मनात आलं, चला, सुटलो. मी पाणी देता देता विचारलं, "कुठून डाउनलोड केलं, भाऊजी?"

"डाउनलोड कशाले? आपल्याच पीसीतून. सी ड्राइव्ह उघडला, त्यात विंडोज नावाचा फोल्डर असते. पूरा कॉपी मारला. चार घंटे लागले! काही फायली नाही म्हणत होत्या, त्या स्किप केल्या."

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. म्हणजे शेजारचा मुनीम आजारी पडला म्हणून आपल्या मुनीमाचा सदरा घेऊन येणं.

मला हसू आलं, पण घरात जावयाला हसायची पद्धत नाही. त्यांच्यासाठी पुरणपोळी झाली होती. मी त्यांच्या पोळीवर तूप वाढत राहिले आणि ते पेनड्राइव्ह आत घालत राहिले, बाहेर काढत राहिले. दोन पोळ्या झाल्या, कटाची आमटी झाली, तरी तीच काळी ओळ.

मी हळूच म्हणाले, "भाऊजी, मशीन त्याच्यावरून सुरू व्हावं असा तो बूटेबल करावा लागतो. मी कॉलेजला—"

"वहिनी, थोडं तूप आणखी," भाऊजी म्हणाले.

शेवटी हात धुऊन, बडीशेप तोंडात टाकून, त्यांनी निदान सांगितलं : "याची हार्डडिस्क माहेरची आहे ना. इकडची फाईल घेत नाही हा."

सगळे पोट धरून हसले. मीही हसले. जावयाच्या विनोदाला हसायची मात्र पद्धत आहे.

*

शनिवारी सकाळी मी विरजण मागायला म्हणून शेजारच्या वासनिककाकूंकडे गेले. काकू रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या, मग कॉम्प्युटर आले तेव्हा कॉम्प्युटरवर बसल्या. घरी त्यांचा जुना पीसी आहे. मी खरं ते सांगितलं. काकूंनी एक प्रश्न विचारला नाही. खुर्ची ओढून दिली, नेट लावून दिलं.

विंडोज कंपनीच्या साइटवरूनच उतरवता येतं, फुकट. लॅपटॉपचा परवाना त्याच्या मदरबोर्डमध्येच भरलेला असतो, तो आपोआप ओळख पटवतो. सीडी नको, तिच्यावरचा नंबर नको, माहेर नको, काही नको! माझ्या निळ्या पेनड्राइव्हवर सगळं उतरायला दीड तास लागला. तेवढ्यात काकूंनी पोहे केले.

"तुया सासऱ्याले सांगून पाह्यलं का?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

"तीनदाच?" काकू हसल्या. "आमच्या ऑफिसात पह्यला कॉम्प्युटर मी चालू केला. साहेबाच्या रिटायरमेंटले भाषण झालं, का साहेबानं चालू केला. मले हार घालाले उभं केलं होतं. साहेबाच्या गळ्यात!"

मी पेनड्राइव्ह आणि विरजण घेऊन घरी आले. विरजण सासूबाईंनी वापरलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भिलाईत सगळे जण मिळूनमिसळून राहतात. दही मात्र ज्याचं त्याचं वेगळं लागतं.

पेनड्राइव्ह मी ड्रेसिंग टेबलाच्या खणात ठेवला. घरात स्वयंपाक होता, संध्याकाळी पाहुणे येणार होते. म्हटलं, रविवारी दुपारी निवांत करू.

*

पाहुणे म्हणजे सासूबाईंच्या भिशीतल्या बायका. त्यांना आमच्या लग्नाचा व्हिडिओ बघायचा होता, टीव्हीवर. मी भजी तळत होते. बाहेर सनई सुरू झाली, म्हणून डोकावले, तर टीव्हीच्या पाठीमागे माझा निळा पेनड्राइव्ह!

निखिलला स्वयंपाकघरात बोलावलं. "तो कुठून घेतलास?"

"तुझ्या ड्रॉवरमधून. एकच होता ना घरात. काहीतरी फालतू फायली भरून होत्या, जगह नहीं थी. उडवल्या."

"आणि व्हिडिओ कुठून टाकलास?"

"प्लांटच्या लॅपटॉपवर होता ना," निखिल म्हणाला, आणि गरम भजं उचलून निघून गेला.

मी भज्यांची परात घेऊन बाहेर गेले. पडद्यावर मी होते. मुंडावळ्या, मान खाली, हातात हार. एक बाई भजं खाता खाता म्हणाली,

"नशीबवान आहे तू! किती शांत सून भेटली!"

"अगदी," सासूबाई म्हणाल्या. "आवाज म्हणून येत नाही."

*

रविवारी दुपारी पुन्हा बैठक. बाबा, सासूबाई, निखिल, आणि पुन्हा पुरणपोळीच्या आशेनं आलेले भाऊजी. ठराव झाला : उद्या सकाळी दुकानात द्यायचा आणि सगळा फॉर्मॅट मारून आणायचा.

"डेटा जाईल पूर्ण," भाऊजी म्हणाले.

"काय आहे त्यात?" बाबा. "लग्नाचे फोटो तं मोबाइलमधी आहेत."

"रेसिपी असतील," सासूबाई म्हणाल्या. "ते मी सांगीन तिले."

निखिलनं माझ्याकडे एकदा बघितलं. त्याला डेमोचं माहीत होतं. त्या घरात ते फक्त त्यालाच नीट माहीत होतं. तो म्हणाला, "हो, चालेल."

मी चपला घातल्या आणि वासनिककाकूंकडे गेले. या वेळी विरजणाचं भांडं नेलं नाही. काकूंनी त्यांचा स्वतःचा पेनड्राइव्ह काढला. "हा माया आहे. कोणी मांगितला तं सांगजो, वासनिकबाईचा आहे, हात लावाचं काम नाही."

तासाभरात परत आले. चहा सुरू होता. मी टेबलावरून कपबश्या बाजूला सारल्या, लॅपटॉप ओढला, पेनड्राइव्ह घातला आणि सुरू करताना जी की दाबायची असते ती दाबली. नव्या सुनेनं सगळ्यांच्या मधोमध खुर्ची ओढून बसावं, याला काय म्हणायचं ते कुणाला सुचलं नसावं.

निळी खिडकी आली.

"हे काय आलं?" बाबा वाकले. "सीडीशिवाय?"

फॉर्मॅटचं बटण समोर होतं. ते मी दाबलं नाही. न पुसता नवीन विंडोज टाकलं की जुनं सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं. टक्के वाढत गेले. मधे स्क्रीन काळा झाला, तेव्हा भाऊजी म्हणाले, "गेला!" पण तो आपला रीस्टार्ट होत होता. पाऊण तास मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी स्क्रीन उजळला. मी तो जुना फोल्डर उघडला. नोट्स होत्या. स्लाइड्स होत्या. पहिली स्लाइड उघडून पाहिली, दुसरी पाहिली, आणि तेव्हा कुठे पाठ खुर्चीला टेकवली.

भाऊजी म्हणाले, "मी परवा कॉपी मारलं होतं ना, त्याचाच काही इफेक्ट असंल."

बाबा मात्र खूश झाले. मनापासून खूश! तिथल्या तिथे त्यांनी मागच्या गल्लीतल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. "अरे, तुझा लॅपटॉप बी बंद आहे ना? दुकानात नको देऊ. उद्या साडेदहाले घरी घेऊन ये. आमची सून करून देते! सीडी बी लागत नाही आमाले! आणखी कोणाचा असंल तं सांग!"

निखिलनं तोपर्यंत घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता : लॅपटॉप आणि त्याचा स्वतःचा अंगठा. खाली लिहिलं होतं, 'फायनली चालू केला.'

सासूबाई एवढा वेळ माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा चहा गार झाला होता. रागानं नाही, खरंच न कळून त्यांनी विचारलं,

"एवढं येत होतं तुले, तं इतके दिवस सांगितलं कावून नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांनी फोन कानापासून खाली घेतला, पण बंद केला नाही.

मी म्हणाले, "बायोडेटात लिहिलं होतं, आई. उंचीच्या खालच्या ओळीत. आणि बाबा, त्यांना उद्या नका बोलावू. उद्या साडेदहाला मी नेहरू नगरच्या ऑटोत बसलेली असेन."